आजचं चिंतन : जिरलेला उपकार आणि राहिलेलं पत्र



आजचं वाचन वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडातलं. राज्याभिषेक झालेला आहे. वानर, अस्वलं, बिभीषणाबरोबर आलेले राक्षस असे सगळे पाहुणे महिनाभराहून जास्त अयोध्येत राहिलेत, खाऊनपिऊन सुखात. आता निरोपाची वेळ आलीये. राम एकेकाला जवळ घेतो, प्रत्येकाला काही ना काही देतो. मग हनुमंत समोर येतो आणि तिथे राम जे बोलतो त्यासाठी आजचा सगळा लेख आहे.

राम त्याला सांगतो की तुझ्या एकेका उपकारासाठी मी एकेकदा प्राण दिले तरी उरलेल्या उपकारांचं ऋण राहीलच. इथपर्यंत आपणही समजू शकतो, आभार मानताना माणसं असं बोलतात. पण पुढचं वाक्य विलक्षण आहे. राम म्हणतो, तू जे केलंस ते माझ्या आतच जिरून जावो, ते फेडायची वेळ माझ्यावर कधी न येवो. का? तर उपकाराची परतफेड करायची म्हणजे आधी उपकार करणाऱ्यावर संकट यावं लागतं. जो फेडायला उत्सुक असतो तो नकळत समोरच्याच्या वाईटाची वाट बघत असतो.

हे वाचून थोडं थांबा. आपल्याला लहानपणापासून शिकवलंय की उपकार फेडावेत, कुणाचं ठेवू नये. लग्नातल्या आहेराची वहीसुद्धा त्यासाठीच असते, कुणी किती दिले ते बघून त्यांच्या घरच्या कार्याला तेवढेच परत. आणि इथे मर्यादापुरुषोत्तम म्हणतोय, फेडणार नाही, फेडायची इच्छाही नको, जिरू दे.

आता हे आज का काढलं ते सांगतो. मागच्या महिन्यात एका वाचकाचा मोठा मेसेज आला. मूळ गाव निरवांगी, तालुका इंदापूर, नोकरी पुण्यात. आई गावाकडेच. चार वर्षं किडनीचा त्रास, त्यातली अडीच वर्षं डायलिसिस, आणि मग पुण्यात प्रत्यारोपण. मेंदूमृत झालेल्या एका माणसाच्या घरच्यांनी अवयव दिले, त्यातली एक किडनी या माउलींना मिळाली. सगळं नीट आहे. पण हॉस्पिटलमधल्या ताईंनी डिस्चार्जच्या वेळी सुचवलं होतं की वाटलं तर त्या घरच्यांना चार ओळी लिहा, नाव न घालता, आम्ही पोचवायचं बघू. त्याला आता सव्वा वर्ष झालं. वहीत 'सप्रेम नमस्कार' एवढंच लिहून झालंय. मुलगा विचारतो, "दादा, आई रोज वही उघडते आणि मिटते. म्हणते, त्यांचं माणूस गेलं म्हणून मी जगले, हे कोणत्या तोंडाने लिहू? तुम्ही काही सांगाल का?"

मी त्याला फोनवर थोडं बोललो. पण हा प्रश्न एका घराचा नाही असं वाटलं, म्हणून मोकळेपणाने लिहितोय. त्यांची परवानगी घेतली आहे.

आधी एक गोष्ट नीट समजून घेऊ, नाहीतर आभार नेमके कशाचे हेच कळणार नाही.

आपल्याकडे अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ साली झाला. त्यात मेंदूमृत्यूला मृत्यू म्हणून मान्यता मिळाली. रस्त्यावर अपघात होतो, किंवा डोक्यात रक्तस्राव होतो, माणूस आयसीयूमध्ये व्हेंटिलेटरवर असतो, आणि मेंदूचं काम कायमचं थांबलेलं असतं. चार डॉक्टरांचं पथक तपासण्या करतं. एकदा करून भागत नाही, किमान सहा तासांच्या अंतराने पुन्हा सगळं तपासतात. दोन्ही वेळा उत्तर तेच आलं तरच मृत्यू जाहीर. त्यानंतर घरच्यांना विचारलं जातं. डोनर कार्ड भरलेलं असलं तरी विचारतातच. घरच्यांनी होकार दिला की पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीकडे, म्हणजे ज्याला सगळे झेडटीसीसी म्हणतात तिथे, कळवलं जातं आणि प्रतीक्षा यादीप्रमाणे अवयव कुणाला जाणार ते ठरतं. मग घड्याळ सुरू होतं. हृदयाला चार ते सहा तास, यकृताला त्याहून जास्त, किडनीला एक दिवसभर किंवा थोडं अधिक. तो 'ग्रीन कॉरिडॉर' बातम्यांत दिसतो तो याचसाठी.

पण मी बातमीतल्या ॲम्ब्युलन्सबद्दल नाही बोलत. मी त्या 'विचारलं जातं' बद्दल बोलतोय. कल्पना करा. आयसीयूच्या बाहेरची ती लोखंडी बाकं. रात्रीचे दोन. व्हेंटिलेटरमुळे छाती वर-खाली होतेय, अंगाला हात लावला तर गरम लागतं. आईला कोण समजावणार की हा गेला? गावाकडून फोनवर फोन, बॉडी कधी आणताय, पाहुणे जमलेत. अपघात असेल तर पोलीस, पंचनामा, पोस्टमॉर्टेम आलंच. कुणीतरी काका म्हणतात, अवयव काढले तर पुढच्या जन्मी त्याविना जन्मेल. आणि या सगळ्यात कुणीतरी एक, बहुतेक वेळा बायको किंवा वडील, कागदावर सही करतात. कुणासाठी? माहीत नाही. नाव, गाव, जात, धर्म, काहीच माहीत नाही. त्या सहीचे आभार मानायचे आहेत.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार आहेत ते आपण मार्गशीर्षात वाचले होते. सात्त्विक दान ते, जे द्यायला हवं म्हणून दिलं जातं, योग्य वेळी, योग्य ठिकाणी, आणि ज्याच्याकडून परत काही मिळणार नाही अशाला. राजस दानाचं वर्णन करताना ज्ञानेश्वर माउली शेतकऱ्याच्या घरातला दाखला देतात. मनात दुधाचा हिशेब धरून गायीला चारा घालणं. इंदापूर-बारामतीच्या वाचकांना हे समजावून सांगायची गरज नाही, दूध संघाचं रतीब तिथे घरोघरी आहे. पण ही सही करणाऱ्यांना दुधाचा हिशेब करायला गायच दिसत नाही! म्हणून मला ते दान सात्त्विक दानाचं आजच्या काळातलं सगळ्यात स्वच्छ उदाहरण वाटतं. देवळाच्या देणगीची पाटी लागते, इथे पाटीही नाही.

कुणी म्हणेल, अवयवदान म्हटलं की दधीची ऋषी. बरोबर, प्रत्येक शिबिराच्या फ्लेक्सवर दधीची असतात. वृत्रासुराला मारायला वज्र हवं, वज्राला हाडं हवीत, देव मागायला येतात. भागवताच्या सहाव्या स्कंधात ते देवांना आधी चिमटा काढतात, की अहो देह सोडताना किती यातना होतात याची कल्पना आहे ना तुम्हाला, देह सगळ्यांना प्रिय असतो. मग योगस्थ होऊन देह सोडतात. विश्वकर्मा हाडांचं वज्र घडवतो. इथपर्यंतची कथा सगळ्यांना पाठ असते.

दधीचींच्या घरी कोण होतं, हे फ्लेक्सवर नसतं. शिवपुराणाच्या शतरुद्रसंहितेत त्यांच्या पत्नीचं नाव सुवर्चा आहे. देव मागायला आले तेव्हा ती तिथे नव्हती. परत येऊन बघते तर पती नाही, आणि देव आपलं काम साधून गेलेले. ती देवांना शाप देते. मग चिता रचायला घेते, तेव्हा तिला कळतं की पोटात मूल आहे. ते मूल पिंपळाखाली जन्मतं, तो पिप्पलाद. ब्रह्मपुराणातल्या गौतमी माहात्म्यात हीच कथा थोड्या फरकाने येते, तिथे पत्नीचं नाव वेगळं आहे. तिथे तर देवांना तिची भीती वाटते, ती यायच्या आत निघायची त्यांना घाई असते.

मला ही घाई फार ओळखीची वाटते. दान मिळालं, काम झालं, आता घरच्यांच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही. देव चुकले असं मी म्हणणार नाही, वृत्राचं संकट खरंच होतं. पण आश्रमात एक बाई येणार आहे, तिला कुणीतरी सांगायला हवं की काय झालं, कशासाठी झालं आणि त्यातून काय निष्पन्न झालं, हे कुणाला सुचलं नाही. सुवर्चेला कुणी काही सांगितलं असतं तर शाप टळला असता का, माहीत नाही. निदान तिला ते एकटीने शोधत बसावं लागलं नसतं. माउलींच्या वहीतलं ते पत्र म्हणजे तेवढंच आहे. आश्रमात थांबून सुवर्चेशी बोलणं.

आता त्यांचा खरा प्रश्न. कोणत्या तोंडाने?

प्रतीक्षा यादीवर नाव असलेल्या माणसाच्या मनात एक काटा असतो. फोन यावा असं वाटतं, आणि फोन येणं म्हणजे कुठेतरी कुणीतरी जाणं. मग देवासमोर हात जोडताना नेमकं काय मागायचं? एका डायलिसिस पेशंटने मला सांगितलं होतं की मी 'किडनी मिळू दे' म्हणायचं सोडून दिलं, नुसतं नाम घ्यायचो. रामाचं वाक्य इथे नेमकं लागू पडतं आणि ते दोन्ही बाजूंनी वाचता येतं. उपकारकर्त्याचं संकट इच्छिणं रामाला नको होतं, तसंच या माउलींनाही कुणाचं मरण नको होतं. अपघात त्यांच्यामुळे झाला नाही. त्यांचं नाव यादीत नसतं तरी तो माणूस वाचणार नव्हता, चार डॉक्टरांनी दोनदा बघून ते सांगितलेलं आहे. मरण आधीच येऊन गेलं होतं. त्यानंतरच्या काही तासांत, ते वाया जाऊ द्यायचं की नाही एवढंच त्या घरच्यांच्या हातात होतं. तेव्हा 'ते गेले म्हणून मी जगले' हे वाक्यच चुकीचं आहे. 'ते गेल्यावरही तुम्ही माझा विचार केलात म्हणून मी जगले' हे खरं. हे वाक्य लिहायला तोंड लपवावं लागत नाही.

फेडण्याचं काय? मुलाने लिहिलं होतं की आईला त्या घरी खण-नारळ, साडी पाठवायची आहे, जमलं तर त्यांच्या मुलाच्या शिक्षणाला दरवर्षी काही द्यायचंय. भावना सोन्यासारखी आहे. तरीही नको. कायद्याने अवयवाच्या बदल्यात काही देणं-घेणं हा गंभीर गुन्हा आहे, २०११ च्या दुरुस्तीनंतर पाच ते दहा वर्षं कैद आणि वीस लाख ते एक कोटी दंड इतका. आभाराची साडी म्हणजे व्यापार नव्हे हे मलाही कळतं. पण साडी आली की पुढच्या दिवाळीची वाट बघणं आलं, आणि इकडे न पाठवल्याची टोचणी आली. दोन घरांमध्ये आहेराची वही सुरू झाली. त्यांनी ज्या मनाने दिलं ते मन असंच राहू द्यायचं असेल तर वही उघडूच नये. राम नंतर हनुमंताच्या गळ्यात आपल्या गळ्यातला हार घालतो हे खरंय, पण ते दोघं एकमेकांना ओळखणारे! आपल्याला या घरचा पत्ताही माहीत नाही, आणि माहीत असू नये.

पत्ता का नाही देत, यावर तरुण मंडळी चिडतात. एक प्रश्न आला होता की हॉस्पिटलवाले काही लपवतात का. लपवत नाहीत, जपतात. दुःखात असलेल्या घरावर कुणाचं दडपण येऊ नये, आणि उद्या शरीराने किडनी स्वीकारली नाही तर ते त्यांना दुसरं मरण वाटू नये, म्हणून. कधीकधी पेपरात बातमी येते, अमुक गावच्या तरुणाने पाच जणांना जीवदान, तारीख जुळते आणि आपल्याला अंदाज येतो. अंदाज आला तरी इन्स्टावर त्या घरातल्या पोरीचं प्रोफाइल शोधू नका. शोधलंच तर फॉलो करू नका. हे अगदी हात जोडून सांगतोय.

जगात उलटंही घडलंय. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियाचं ग्रीन कुटुंब इटलीच्या दक्षिणेला फिरायला गेलं होतं. रात्री हायवेवर लुटारूंनी गाडीवर गोळ्या झाडल्या, सात वर्षांचा निकोलस गेला. आईवडिलांनी त्याचे अवयव तिथल्याच सात जणांना दिले. परक्या देशात, ज्या देशात मुलगा मारला गेला त्याच देशातल्या माणसांना. बातमी जगभर गेल्यामुळे नावं लपणं शक्यच नव्हतं, ते कुटुंब पुढे अवयव मिळालेल्यांना भेटलंही. ज्या मुलीला यकृत मिळालं ती तेव्हा मरणाच्या दारात होती. पुढे तिचं लग्न झालं, मुलगा झाला, तिने त्याचं नाव निकोलस ठेवलं. त्यानंतर इटलीत अवयवदान झपाट्याने वाढलं. हे वाचताना डोळे भरतात. पण सगळी घरं ग्रीन कुटुंबासारखी जगासमोर उभी राहू शकत नाहीत, आणि त्यांनी राहायलाच पाहिजे असंही नाही.

आपल्याकडचं मोनिका मोरेचं उदाहरण तुम्हाला आठवत असेल. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपर स्टेशनवर लोकल पकडताना तिचे दोन्ही हात गेले. ऑगस्ट २०२०, कोविडच्या ऐन धामधुमीत, परळच्या ग्लोबल हॉस्पिटलमध्ये तिला दोन्ही हात बसवले. हात आले चेन्नईहून, विमानाने. किडनी पोटात असते, दिसत नाही. हात रोज डोळ्यांसमोर असतात. ज्या घराने हात दिले त्या घराला मराठी येत असेल का? बहुधा नाही. तरीही पत्र लिहायचं म्हटलं तर मराठीतच लिहावं असं मी म्हणेन, भाषांतर करणारं कुणीतरी भेटतं. आईच्या भाषेत लिहिलेलं भाषांतरातही कळतं. आणि चॅटजीपीटीकडून इंग्रजीत लिहून घेऊ नका बाबांनो, त्यात सगळ्यांच्या आया एकसारख्याच बोलतात.

आता पत्रात काय असावं. मुलाने पाठवलेल्या मसुद्यात 'आपल्या त्यागाला शब्द नाहीत', 'आपण देवदूत आहात' असलं होतं. ते काढायला सांगितलं. त्या घरात आज एक खुर्ची रिकामी आहे, देवदूत म्हटल्याने ती भरत नाही. 'देवाचीच इच्छा होती' तर अजिबात नको. आत्मा अमर आहे, देह वस्त्रासारखा आहे, हे मी रोज वाचतो आणि मानतो, पण ते अर्जुनाला सांगितलेलं आहे आणि त्याने शरण येऊन विचारल्यावर सांगितलेलं आहे. या घराने आपल्याला काही विचारलेलं नाही. शिवाय ते घर कोणत्या धर्माचं आहे हेही ठाऊक नाही. विठ्ठलाचं नाव घ्या, तुमचा तो श्वासच आहे, पण त्यांच्यावर लादू नका. 'तुमचा मुलगा माझ्यात जिवंत आहे' हे वाक्य काही आयांना आधार देतं, काहींना ते सहन होत नाही. तेव्हा ते त्यांच्यावर सोडावं, आपण म्हणू नये.

आणखी एक, जे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. प्रत्यारोपणाच्या दिवसाला आपण 'नवा वाढदिवस' म्हणतो, केक कापतो, स्टेटस ठेवतो. तोच दिवस किंवा त्याच्या आदला दिवस त्या घरी वर्षश्राद्धाचा असतो. पत्रात तो शब्द नको, आणि पत्र त्याच सुमारास पोचेल असंही बघू नका.

मग लिहायचं काय? पाणी. हो, पाण्याबद्दल लिहा, असं मी त्या माउलींना फोनवर सांगितलं. डायलिसिसवर असताना त्यांना दिवसाला जेमतेम लिटरभर पाणी होतं, चहा-आमटी धरून. एप्रिल-मेमध्ये, इंदापूर तालुक्यातल्या उन्हात! त्या वाटीने मोजून प्यायच्या. आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशीनला. निरवांगीला नीरेच्या काठावर राहून तहान मारायची. आता डॉक्टर उलट सांगतात, पाणी भरपूर प्या. पहिल्यांदा तांब्याभर पाणी सलग प्यायल्या तेव्हा त्या रडल्या होत्या, हे मुलालाही माहीत नव्हतं, माझ्याशी बोलताना निघालं. हे त्या घराला कळायला हवं. त्यांच्या सहीने नेमकं काय झालं? तर एका बाईला तांब्याभर पाणी पिता आलं.

दोन-तीन फोनमध्ये जे जमलं ते पत्र त्यांच्या परवानगीने खाली देतोय. शब्द त्यांचे आहेत, मी फक्त गाळलंय.

"सप्रेम नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही आणि मी तुम्हाला ओळखत नाही. तुमच्या घरच्या माणसाची एक किडनी मला बसवली आहे. त्यांचं नाव मला माहीत नाही. ते बाई होते का बापय, लहान होते का मोठे, हेही सांगत नाहीत. म्हणून मी देवापुढे दिवा लावते तेव्हा नुसतं 'ते' म्हणते.

मी शेतातली बाई आहे. अडीच वर्षं मशीनवर होते. पाणी मोजून प्यायचे. उन्हाळ्यात ओठ ओले करून बसायचे. आता पोटभर पाणी पिते. पहिल्या दिवशी तांब्या तोंडाला लावला तर मला तुमची आठवण आली. तुम्हाला कधी बघितलं नाही तरी आली.

यंदा पालखी आमच्या गावात मुक्कामाला आली तेव्हा मी स्वतः भाकरी थापल्या. तीन वर्षं नुसती खाटेवरून बघत होते. गर्दीत जात नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. दारातूनच वाढलं.

गोळ्या सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळेला घेते. एक पण चुकवत नाही. तुम्ही दिलेलं मी नीट सांभाळते, एवढं तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं.

तुमच्या घरी काय झालं असेल त्याचा मी विचार करते. त्या वेळी तुम्ही माझा विचार केला. मला उत्तर लिहायची गरज नाही. वाचावंसं वाटलं नाही तरी चालेल.

एक आई."

पालखीचं वाक्य ठेवायचं की नाही यावर आमचा थोडा वाद झाला. सोपानकाकांची पालखी सासवडहून निघून बारामती, लासुर्णे करत निरवांगीला मुक्कामी येते आणि मग अकलूजकडे जाते. पण मार्गावर मुक्कामाची गावं कितीतरी आहेत, आणि पालख्याही कितीतरी, तेव्हा एवढ्याने ओळख पटणार नाही असं म्हणून ठेवलं. समन्वयक ताईंना वाटलं तर त्या काढतील. पाकीट म्हणूनच चिकटवायचं नाही, उघडं द्यायचं. प्रत्यारोपणासाठी नोंदणी असलेल्या हॉस्पिटलात असा समन्वयक नेमलेला असतोच, पत्र त्यांच्याच हातात द्यायचं. ते आधी दात्याच्या घरच्यांना विचारतील, पत्र आलंय, हवंय का. कुणी लगेच हो म्हणेल, कुणी दोन वर्षांनी, कुणी कधीच नाही. उत्तर नाही आलं म्हणजे राग आहे असं समजू नका.

गोळ्यांचं वाक्य मला सगळ्यात आवडलं, आणि त्यावरून पुन्हा रामाकडे येतो. शरीराला बसवलेली किडनी परकीच वाटते. आयुष्यभर ते तिच्याशी भांडायला बघतं. ते भांडण दाबून ठेवायला रोज, ठरल्या वेळी, बारा तासांच्या अंतराने गोळ्या. म्हणजे इथे उपकार आपोआप जिरत नाही, रोज दोनदा जिरवावा लागतो. आपण नित्यनेम म्हणतो तो याहून वेगळा काय असतो? हरिपाठ एक दिवस चुकला तर रुखरुख लागते, इथे चुकला तर किडनी जाते. ट्रान्सप्लांट झालेले जे तरुण हे वाचताय, वर्षभराने बरं वाटायला लागलं की गोळ्या विसरायची सवय लागते तुम्हाला. त्या सहीशी इमान राखायची जागा पत्र नाही, ती गोळ्यांची डबी आहे.

माउलींनी शेवटी एक विचारलं, त्यांच्यासाठी घरी काही करता येईल का? नाव-गोत्र माहीत नाही. येईल. तर्पणात आपल्या पितरांनंतर जे आपले नातलग नव्हते त्यांनाही पाणी देण्याची रीत आहे, नाव न घेता. ज्यांना कुणी नाही त्यांच्यासाठीही त्यात जागा ठेवलेली आहे. घरात जो तर्पण करतो त्याने सर्वपित्रीला एक ओंजळ त्या 'ते' साठी सोडावी. शतपथ ब्राह्मणात देव, ऋषी आणि पितर या तीन ऋणांबरोबर माणसांचं ऋणही सांगितलंय, ते सहसा कुणी मोजत नाही. आणि पाण्याचीच ओंजळ द्यायची आहे, ते या माउलींना बरोबर वाटेल असं मला वाटतं.

पत्र परवा मुलगा पुण्याला येताना घेऊन येतोय. तुमच्यापैकी कुणाचं असं पत्र राहिलं असेल, एक वर्ष, पाच वर्षं, कितीही, तर उशीर झाला असं धरू नका, लिहा. पहिली ओळ अडली तर पाण्यासारखं तुमचं जे असेल तिथून सुरू करा, जिना चढलात, शाळेत गेलात, बाळाला उचललंत. कमेंटमध्ये मात्र पत्र टाकू नका.

उद्या उत्तरकांडातच पुढे जाऊ. हनुमंत अयोध्येतून निघताना रामाकडे काय मागतो, ते बघायचंय.

रामकृष्णहरी.